गोदाकाठची दोन दिवसांची तीर्थयात्रा : घरच्या संकल्पापासून गंगापूजनापर्यंत

घरी सत्यनारायण असो, वास्तुशांत असो की श्राद्ध असो, पूजेला बसल्यावर गुरुजी जो संकल्प सांगतात त्यात ‘दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’ किंवा ‘उत्तरे तीरे’ असे शब्द येतात. आपले गाव गोदावरीपासून शंभर कोस दूर असले तरी महाराष्ट्रातला यजमान देवापुढे आपला पत्ता याच नदीच्या काठावरून सांगतो. नाशिकला यात्रेसाठी येणे म्हणजे आयुष्यभर तोंडाने उच्चारलेल्या त्या पत्त्यावर एकदा प्रत्यक्ष येऊन उभे राहणे होय. म्हणून या यात्रेची तयारी बॅग भरण्यापासून न करता तो संकल्प समजून घेण्यापासून करावी, असे मी येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला सांगतो.

माझे घर पंचवटीत आहे. पहाटे गंगेवर जाताना (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) भाड्याच्या गाड्यांमधून उतरणारी कुटुंबे मला रोज दिसतात. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, त्र्यंबकेश्वर, जमल्यास वणी आणि रात्री शिर्डी असा त्यांचा बेत असतो, आणि दुपारपर्यंत घरातील वडीलधारी माणसे गाडीतच बसून राहतात. माझे स्पष्ट मत असे आहे की या यात्रेला दोन दिवस द्यावेत : पहिला पंचवटीचा, दुसरा त्र्यंबकेश्वराचा. वणीच्या सप्तशृंगीचे दर्शन नाशिकहून साधारण साठ किलोमीटरवर, गडावर जाऊन घ्यायचे असते, म्हणून त्यासाठी स्वतंत्र दिवस काढावा. तीर्थावरचा क्रम जुन्या लोकांनी सोपा ठेवला आहे. आधी पाण्याकडे जावे, मग पितरांचे जे करायचे ते करावे, मग देवाकडे जावे आणि शेवटी दान करावे. हा क्रम पाळला की पुढची धावपळ आपोआप कमी होते.

दिवस कोणता निवडावा

पहिल्यांदाच येणाऱ्यांनी पर्वकाळ टाळून कार्तिक ते माघ या महिन्यांतील, आठवड्याच्या मधला वार निवडावा. श्रावणी सोमवार, विशेषतः तिसरा सोमवार, महाशिवरात्र आणि निवृत्तिनाथांच्या यात्रेची पौष वद्य एकादशी या दिवशी त्र्यंबकेश्वरात पाय ठेवायला जागा नसते. चैत्रात रामनवमीचा उत्सव आणि त्यानंतर कामदा एकादशीला निघणारे रामरथ व गरुडरथ पाहण्यासारखे असतात. पण त्या दिवशी शांतपणे विधी करता येईल, ही अपेक्षा ठेवू नये. पावसाळ्यात त्र्यंबकला घाटमाथ्याचा पाऊस असतो, पायऱ्या शेवाळतात आणि डोंगरावर समोरचे माणूस दिसत नाही. सिंहस्थाचा काळ तर पूर्णपणे निराळा असतो. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येत असून त्याच्या पर्वण्यांना येणाऱ्यांनी प्रशासनाने त्या वेळी ठरवलेले मार्ग, वाहनतळ आणि वेळा पाहूनच निघावे. येथे सांगितलेले वेळापत्रक त्या दिवसांना लागू पडणार नाही.

घरात सोयर किंवा सुतक असेल तर यात्रा पुढे ढकलावी. त्याचप्रमाणे अस्थिविसर्जन किंवा दशक्रियेसाठी रामकुंडावर येणे आणि यात्रेसाठी येणे या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. दुःखाच्या दिवशी आलेल्या माणसांना देवळे दाखवत फिरवणे मला योग्य वाटत नाही. त्यांनी विधी उरकून घरी जावे आणि वर्षश्राद्धानंतर यात्रेसाठी पुन्हा यावे.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी, त्रिपिंडी श्राद्ध, कालसर्पशांत हे विधी करण्यासाठी देशभरातून लोक येतात. नारायण नागबळी तीन दिवसांचा असतो, त्याला मुहूर्त लागतो, पुरुषांना नवे धोतर आणि स्त्रियांना नवी साडी लागते आणि तेवढे दिवस क्षेत्र सोडता येत नाही. असा विधी करायचा असेल तर घरच्या गुरुजींना विचारून, क्षेत्रातील पुरोहितांशी आधी बोलून, खर्चाची कल्पना घेऊन आणि तारीख ठरवूनच यावे. देवळाच्या वाटेवर एखाद्या अनोळखी माणसाने तुमच्या कुंडलीत दोष असल्याचे सांगितले, तर त्याच पावली निर्णय घेऊ नये. नमस्कार करून पुढे जावे.

नावांचा कागद

तयारीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू दुकानात मिळत नाही. वडील, आजोबा, पणजोबा, तसेच आई, आजी, पणजी यांची नावे, आईच्या माहेरच्या तीन पिढ्यांची नावे, दोन्ही घराण्यांची गोत्रे, कुलदैवत आणि मूळ गाव हे सर्व एका कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहून आणावे. तर्पणाला किंवा तीर्थश्राद्धाला बसल्यावर गुरुजी नावे विचारतात तेव्हा बहुतेक घरांत आजोबांच्या पुढे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग कुडकुडत ओल्या पंच्याने फोनवर काकांना विचारावे लागते. हा कागद लिहिण्यासाठी घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाजवळ एक संध्याकाळ बसावे.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की कोणत्या घराण्याचे उपाध्ये कोण हे क्षेत्रात विचारून कळते, आणि त्यांच्या वहीत आपल्या पूर्वजांनी कधी काळी यात्रेला आल्यावर केलेली नोंद सापडू शकते. आमचे मूळ गाव येवल्याकडचे. वडील गेल्यानंतर मी त्र्यंबकला गेलो तेव्हा उपाध्यायांनी वही उघडून आमच्या पणजोबांची मोडीतील सही दाखवली आणि त्याखाली आजोबांनी बाळबोध अक्षरांत लिहिलेली मुलांची नावे दाखवली. त्या नावांत सात-आठ वर्षांच्या माझ्या वडिलांचे नाव होते. त्या पानावर माझ्या मुलीचे नाव लिहून मी सही केली. यात्रेला आलात तर ही वही अवश्य पाहावी आणि घरातील मुलामुलींची, सुनांची नावे त्यात नीट लिहून द्यावीत. यासाठी वेगळा अर्धा तास राखून ठेवावा.

बाकीचे सामान थोडेच लागते. तांब्याचा तांब्या किंवा झाकणाचा गडू, पळी-भांडे, दोन पंचे, पुरुषांसाठी सोवळे किंवा धुतलेले धोतर आणि उपरणे, स्त्रियांसाठी लवकर वाळणारी साधी साडी, अक्षता, गंध, काळे तीळ, सुपाऱ्या आणि जानवे घालणाऱ्यांनी एक जादा जानवे एवढे घरून आणावे. फुले, बेल, दर्भ आणि नारळ येथे मिळतात. ओले कपडे ठेवायला कापडी पिशवी आणावी. सोन्याचे दागिने घरीच ठेवावेत. रामकुंडाच्या गर्दीत बुडी मारताना मंगळसूत्र तुटून जाण्याचे प्रसंग आम्ही पाहिले आहेत.

उपवासाबद्दल थोडे मोकळेपणाने सांगतो. तीर्थाच्या दिवशी विधी होईपर्यंत काही खाऊ नये हा नियम निरोगी माणसासाठी आहे. माझ्या मावशीला मधुमेह होता. एका श्रावण सोमवारी तिने पहाटेपासून पाणीही न घेता रांग धरली आणि तीन तासांनी ती चक्कर येऊन पडली. तेव्हापासून आमच्या घरी औषधे घेणाऱ्यांना भगर-आमटी किंवा राजगिऱ्याचा लाडू खायला घालूनच बाहेर काढतात. ज्यांना जमते त्यांनी दूध-फळे घेऊन राहावे, आणि कोणी खाल्ले म्हणून त्याची यात्रा उणी झाली असे इतरांनी म्हणू नये.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घरच्या देवापुढे दिवा लावून गणपती आणि कुलदैवतापुढे नारळ-सुपारी ठेवावी आणि साध्या मराठीत, मोठ्याने संकल्प म्हणावा : अमुक आम्ही, अमुक तिथीला, गोदावरीच्या स्नानासाठी आणि श्रीरामाच्या व त्र्यंबकराजाच्या दर्शनासाठी निघत आहोत, यात्रा निर्विघ्न पार पडावी. वडीलधाऱ्यांना नमस्कार करून निघावे.

पहिला दिवस : गंगेवर

नाशिकरोड स्थानकापासून पंचवटी साधारण नऊ-दहा किलोमीटरवर आहे, म्हणून आदल्या रात्री पंचवटीतील धर्मशाळेत किंवा भक्तनिवासात मुक्काम करणे सोयीचे पडते. पहाटे उजाडताना रामकुंडावर जावे. पावसाळ्यात आधी दुतोंड्या मारुतीकडे पाहावे. गंगापूर धरणातून पाणी सोडले की या मारुतीच्या पायाला, कमरेला की छातीला पाणी लागले यावरूनच नाशिककर पूर मोजतात. पाणी वाढत असेल तर घाटाच्या पायऱ्यांवर न उतरता वर उभे राहून नदीला नमस्कार करावा आणि घरी नळाच्या पाण्यात तेच नाव घेऊन स्नान करावे.

पाण्यात पाय घालण्याआधी वाकून ओंजळभर पाणी डोक्याला लावावे, कारण ज्या पाण्याला आपण आई म्हणतो त्याला पहिला स्पर्श पायाचा होऊ नये. मग ‘गङ्गे च यमुने चैव गोदावरि सरस्वति । नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु ॥’ हा श्लोक म्हणून तीन बुड्या माराव्यात. हाच श्लोक आपण घरच्या बादलीतील पाण्याजवळही म्हणतो. इतर दिवशी ज्या नद्यांना बोलवावे लागते त्यांपैकी एक आज समोर वाहत आहे हे लक्षात ठेवले की म्हणण्यात फरक पडतो. साबण लावू नये, चूळ भरू नये, कपडे पिळू नयेत. पोहता येत असले तरी साखळीपलीकडे जाऊ नये, आणि लहान मुलांना व वृद्धांना काठावर बसवून तांब्याने स्नान घालावे. त्यानेही तीर्थस्नान पूर्ण होते. ओंजळीने सूर्याला तीन वेळा अर्घ्य द्यावे आणि बाहेर यावे.

ज्यांना तर्पण करायचे आहे त्यांनी कोरडे वस्त्र नेसून गुरुजींसमवेत बसावे. देवांना बोटांच्या अग्रांवरून आणि पितरांना अंगठा व तर्जनी यांच्या मधून, काळे तीळ घालून, दक्षिणेकडे तोंड करून पाणी सोडतात. ज्याचे वडील हयात आहेत त्याने पितृतर्पण करू नये, असा संकेत आहे. म्हणून तरुण मुलाला उगीच बसवू नये, त्याने पाणी आणून द्यावे आणि नावे ऐकावीत. दक्षिणा किती हे बसण्यापूर्वीच नम्रपणे विचारून ठरवावे. विधीच्या मध्यावर पैशाचे बोलणे निघाले की दोघांचेही मन विटते. गुरुजी सांगतात ते शब्द कळले नाहीत तर थांबवून अर्थ विचारावा. चांगल्या गुरुजींना याचा राग येत नाही, उलट त्यांचा उत्साह वाढलेला मी पाहिला आहे.

फुले, पिंडांचे द्रोण आणि नारळ नदीत सोडू नयेत; घाटावर ठेवलेल्या निर्माल्य कलशात टाकावेत. प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य पाण्यात फेकणारा माणूस दिसला तर त्याला हात जोडून थांबवावे. आमची गंगा उन्हाळ्यात बारीक होते आणि तिच्यात येणारे प्रत्येक ओझे तेव्हा पृष्ठभागावर दिसते. ते पाहणे आम्हा काठावरच्या लोकांना फार जड जाते.

रामकुंडासमोर पायऱ्या चढून कपालेश्वर आहे. येथे शंकरापुढे नंदी नाही. ब्रह्महत्येचे पातक कसे फिटेल हे नंदीने शंकराला सांगितले, शंकराने रामकुंडात स्नान केले आणि ज्याने मार्ग दाखवला तो गुरू झाला, म्हणून त्याला समोर वाहन होऊन बसू दिले नाही, अशी कथा आहे. नंदीच्या शिंगांतून पिंडी पाहण्याची सवय असलेल्यांनी येथे थेट उंबऱ्याशी जाऊन दर्शन घ्यावे आणि ही कथा मुलांना तेथेच सांगावी.

तेथून काळाराम मंदिर चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात बांधलेल्या या मंदिरात राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या काळ्या मूर्ती आहेत आणि समोर सभामंडपात मारुती आहे. आधी मारुतीला नमस्कार करून मग रामापुढे जाण्याची रीत आहे. रामाला तुळस वाहावी, आणि शक्य असल्यास आवारातील ओवरीत बसून रामरक्षा म्हणावी. घाईत म्हटलेल्या चार आरत्यांपेक्षा ती मनाला जास्त धरून ठेवते. याच मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. दर्शनाच्या रांगेत शेजारी उभा असलेला माणूस कोण हे विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही, हे ज्या उंबऱ्याने अनुभवाने शिकवले तो उंबरा ओलांडताना यात्रेकरूला हा इतिहास ठाऊक असावा.

सीतागुंफेचे प्रवेशद्वार फार अरुंद आहे आणि बसून, सरकत आत जावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी, दम्याच्या रुग्णांनी आणि स्थूल व्यक्तींनी बाहेरच्या वडांनाच नमस्कार करावा. संध्याकाळी गोदाआरतीला पुन्हा रामकुंडावर यावे. दिवसभरात एवढेच करावे.

दुसरा दिवस : त्र्यंबकराज

नाशिकहून त्र्यंबकेश्वर साधारण तीस किलोमीटरवर असून एसटीच्या गाड्या सतत असतात. पहाटे साडेपाचच्या सुमारास मंदिर उघडते, म्हणून अंधारातच नाशिक सोडावे. येथेही आधी पाणी, म्हणजे कुशावर्त. गौतम ऋषींना गोहत्येचे पातक लागले, त्यांनी ब्रह्मगिरीवर तप करून शंकराकडे गंगा मागितली, पण ती डोंगरावर एका जागी प्रकटे आणि गुप्त होई. अखेर त्यांनी कुश म्हणजे दर्भ फिरवून तिला अडवले, ते ठिकाण कुशावर्त. होळकरांचे फडणीस रावजी आबाजी पारनेरकर यांनी बांधलेल्या या कुंडाभोवतीच्या ओवऱ्या पाहण्यासारख्या आहेत. कुंड खोल आहे, म्हणून पायऱ्यांवर बसूनच स्नान करावे किंवा पाणी डोक्यावर घ्यावे.

सध्याचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. १७५५ मध्ये सुरू झालेले काम १७८६ मध्ये पूर्ण झाले. बारा ज्योतिर्लिंगांपैकी या लिंगाचे वेगळेपण असे की वर आलेली पिंडी येथे नाही. शाळुंकेच्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची. बाहेरच्या उंबऱ्यावरून ती सरळ दिसत नाहीत, त्यामुळे वर लावलेल्या आरशात पाहावे लागते. हे ज्यांना माहीत नसते ते उंच पिंडी शोधत राहतात आणि रांग पुढे सरकते. म्हणून सभामंडपात कासवापाशी पोहोचताच नजर आरशाकडे लावावी. गाभाऱ्यातील प्रवेश, सशुल्क दर्शन आणि अभिषेक यांचे नियम देवस्थान वेळोवेळी बदलते, म्हणून ते देवस्थानाच्या कार्यालयात किंवा अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत आणि पावती घ्यावी. रांगेबाहेर कोणी लवकर आत नेण्याचे आमिष दाखवले तर त्याला पैसे देऊ नयेत.

बेल तीन दलांचा, न किडलेला असावा आणि पालथा वाहावा. केवडा शंकराला वाहत नाहीत. प्रदक्षिणा अर्धीच घालतात. एका बाजूने अभिषेकाचे पाणी वाहून जाते त्या पन्हाळीपर्यंत जावे, ती न ओलांडता परत फिरावे आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हाळीपर्यंत जाऊन परतावे. सोमवारी आलात तर दुपारी थांबावे, कारण त्या दिवशी त्र्यंबकराजाचा पंचमुखी मुखवटा पालखीतून कुशावर्तावर स्नानाला नेतात. देव स्वतः ज्या पाण्यापाशी जातो तेथे आपण सकाळी स्नान केले होते, या विचाराने तो सोहळा पाहताना अनेकांचे डोळे भरून येतात.

दर्शनानंतर निवृत्तिनाथांच्या समाधीला जावे. ज्ञानेश्वरांच्या या थोरल्या बंधूंना आणि गुरूंना ब्रह्मगिरीवरच्या गुहेत गहिनीनाथांचा उपदेश झाला, अशी परंपरा सांगते. वारकरी घरांतील माणसे त्र्यंबकला येऊन समाधीला न जाता परतत नाहीत. इतरांनीही तसे परतू नये.

गंगाद्वार आणि ब्रह्मगिरी यांना शेकडो पायऱ्या आहेत. जमेल त्यांनी ऊन चढण्याआधी जावे, आणि प्रसादाची पिशवी हातात ठेवू नये, कारण माकडे ती ओढून नेतात. ब्रह्मगिरीची फेरी हे मात्र स्वतंत्र व्रत आहे. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरची आणि मोठी सुमारे चाळीस किलोमीटरची आहे. तिसऱ्या श्रावणी सोमवारसाठी लोक रविवारी रात्रीच कुशावर्तावर स्नान करून निघतात आणि फेरी पूर्ण करून दर्शन घेतात. जाणाऱ्यांनी आधी महिनाभर रोज पाच-सहा किलोमीटर चालण्याचा सराव ठेवावा, अनवाणी चालण्याचा हट्ट चिखलात धरू नये, विजेरी आणि सुका खाऊ जवळ ठेवावा, रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात आणि वाटेत मिळणारा फराळ पोटापुरताच घ्यावा.

दान शेवटी करावे आणि ते हातात पडेल असे करावे : अन्नछत्राला तांदूळ, वेदपाठशाळेतील विद्यार्थ्यांना वस्त्र किंवा घाटावर थंडीत झोपणाऱ्याला घोंगडी. गडूभर पाणी घेऊन, झाकण घट्ट लावून परत निघावे.

घरी परतल्यावर

दारात उभे असतानाच घरातील कोणीतरी पायांवर पाणी घालून भाकरतुकडा ओवाळून टाकावा आणि मग आत यावे. गडू देवापुढे ठेवून सोयीच्या दिवशी गंगापूजन करावे. गडूला हळदकुंकू, गंध, फुले वाहावीत, आरती करावी आणि ज्यांना यात्रेला येता आले नाही अशा वृद्ध, आजारी शेजाऱ्यांना व नातेवाइकांना आवर्जून जेवायला बोलवावे. वरण-भात, पुरण आणि एखादी भाजी पुरेशी आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर त्यातील थेंबभर पाणी शिंपडावे, नावांच्या कागदाची एक प्रत देवघरात ठेवावी आणि उरलेले पाणी अंगणातील तुळशीला घालावे.